टाचेमागच्या गाठी आणि कागदी फुले

दवाखान्यात नवा रुग्ण आला की नाव, वय आणि तक्रार विचारून झाल्यावर मी एक ठरावीक प्रश्न विचारतो : "घरात कोणाला बीपी, शुगर, हृदयाचा काही त्रास?" परभणी जिल्ह्यात सामान्य डॉक्टर म्हणून काम करताना हा प्रश्न मी किती हजार वेळा विचारला असेल, याची गणती नाही. उत्तरही ठरावीकच असते. "नाही डॉक्टरसाहेब, आमच्या घरात कोणाला काही नाही." त्यावर आणखी चार प्रश्न विचारले, की आजोबा 'एकाएकी गेले' होते, काकांचा पाय कापावा लागला होता आणि एक आत्या 'अंगावरून वारे गेल्यामुळे' चार वर्षे अंथरुणाला खिळून होती, हे हळूहळू बाहेर येते. मात्र बाकावर तीस माणसे ताटकळत असताना ते चार प्रश्न विचारणे रोज घडत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

माझ्या स्वतःच्या घराविषयी तर मी त्यातला एकही प्रश्न विचारला नव्हता.

माझा धाकटा भाऊ २०१९ साली, वयाच्या ४६व्या वर्षी, शेतावरून घरी येऊन हातपाय धुताना कोसळला. शरीराने सडपातळ, निर्व्यसनी, शाकाहारी, रोज पाच किलोमीटर चालणारा. हृदयविकाराच्या झटक्याविषयी आपल्या मनात जे चित्र असते, त्यात तो कुठेच बसत नव्हता. आमचे वडीलही ५१व्या वर्षी असेच गेले होते. पण ते दिवसभर तंबाखू खात आणि भाऊबंदकीच्या दाव्याने गांजलेले होते. त्यांच्या मृत्यूचे कारण आम्ही या दोन गोष्टींवर ठेवून मोकळे झालो होतो.

भावाच्या क्रियाकर्मानंतर आम्ही त्र्यंबकेश्वरला गेलो. तेथील तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या, घराण्याघराण्यांच्या नामावळीच्या वह्या असतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. गाव आणि आडनाव सांगितले, की गुरुजी लांबट वही उघडून नेमके पान काढतात. आमच्या पानांवरची जुनी अक्षरे मोडीत होती. गुरुजींनी ती सरळ वाचून दाखवली. आजोबांची स्वाक्षरी होती, पणजोबांचे नाव होते, त्यांच्या वडिलांचे होते. सात पिढ्या! कोण केव्हा आले, बरोबर कोणते पुत्र आणि कोणते पुतणे होते, हे वाचताना लक्षात आले, की आमची पुरुषमंडळी पुष्कळ जगलेली आहेत. आजोबा ८४ वर्षांचे होऊन गेले. पणजोबा तर नातवंडांची लग्ने झाल्यावरही त्र्यंबकला आलेले दिसत होते. "आपल्या घराण्यात आयुष्य आहे," असे म्हणत आम्ही परतलो. एका डॉक्टराने एवढ्यावर समाधान मानावे, याची आज मला लाज वाटते. त्या पानांवर घरात आलेल्या सुनांची नावे क्वचित होती, मुलींची तर नव्हतीच. माझी आजी कोणाची कोण, तिचे भाऊ किती, ते किती जगले, यातले एक अक्षरही त्या सात पिढ्यांत नव्हते.

ते अक्षर सापडले गंगाखेडला, आत्याच्या ट्रंकेत.

माझी आत्या तेव्हा ७९ वर्षांची होती. जन्मतारीख विचारली, तर ती सांगते, "रझाकाराच्या वेळी मी तीन वर्षांची होते." तिचा हात कागदावर असा चालतो, की महालक्ष्म्यांच्या आधी महिनाभर गल्लीतल्या चार घरांचे मखर तिच्याकडून सजून जाते. पताका, तोरणे, जाळीदार झालरी, क्रेप कागदाचे गुलाब आणि जाड कागदाची कमळे. यातला जाड कागद ती विकत आणत नाही. जुन्या लग्नपत्रिका जपून ठेवते आणि त्याच कापते. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी माझी मुलगी आणि भावाचा मुलगा तिला मदत करायला गेले होते. मुलीने एक कमळ उलटे करून पाहिले. पाकळीच्या मागे अर्धे आडनाव छापलेले होते, आणि ते आत्याच्या आजोळचे होते. तिने विचारले, "आजी, ही पत्रिका पूर्ण आहे का कुठे?"

तशीच दुसरी प्रत ट्रंकेत निघाली. १९७१ सालची, पिवळी पडलेली, कोपऱ्यावर हळदीचा डाग. संध्याकाळी मी पोहोचलो तेव्हा मुलांनी ती माझ्यापुढे ठेवली. आजीच्या भाचीचे लग्न. निमंत्रक म्हणून वधूच्या आजोबांचे नाव होते, म्हणजे आजीच्या वडिलांचे, आणि त्याआधी 'श्री.' होते. खाली त्यांच्या दोन मुलांची नावे होती. दोघांच्याही आधी 'कै.' छापलेले होते.

बाप हयात आणि दोन्ही कर्ते मुलगे कैलासवासी. ही दोन अक्षरे पाहून मी आत्याला ते चार प्रश्न विचारले, जे मी वडिलांनंतर लगेच विचारायला हवे होते. ती कात्री चालवत चालवत सांगू लागली. थोरले मामा बाजारातून येताना गेले, तेव्हा चाळिशीही झाली नव्हती. धाकटे मामा पेरणीच्या दिवसांत, शेतातच. गावात लोक करणी म्हणत. आत्याची आई, म्हणजे माझी आजी, ५८व्या वर्षी 'छातीत कळ येऊन' गेली. आणि मग आत्या सहज म्हणाली, "थोरल्या मामाच्या टाचेमागं सुपारीएवढ्या गाठी होत्या रे. वहाण टोचायची म्हणून अनवाणीच फिरायचा."

वाचकहो, त्या क्षणी मला मामा दिसले नाहीत, माझा भाऊ दिसला. काही वर्षांपूर्वी त्याने मला टाचेमागचा जाड झालेला स्नायुबंध दाखवला होता. मी दोन बोटांनी दाबून पाहिले आणि सांगितले, "बूट घट्ट होतोय, बदल." त्याने बूट बदलले.

एक आजार असा आहे, ज्यात रक्तातले एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, जन्मापासूनच फार वाढलेले असते. आहार, वजन, व्यसन यांच्याशी त्याचा मूळ संबंध नसतो. दोष जनुकात असतो. आईवडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. जगात साधारण अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला हा दोष असतो, म्हणजे तो दुर्मीळही नाही. काहींच्या टाचेमागच्या स्नायुबंधात किंवा बोटांच्या पेरांवर चरबीच्या गाठी येतात. काहींच्या बुबुळाभोवती तरुणपणीच पांढरट कडे दिसते. पुष्कळांना बाहेरून काहीच दिसत नाही. उपचार न झाल्यास रक्तवाहिन्या विशी-तिशीपासूनच आकसू लागतात. निदान मात्र लिपिड प्रोफाइल नावाच्या साध्या रक्ततपासणीपासून सुरू होते आणि ती तालुक्याच्या गावीही होते. प्रौढ माणसाचे एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक आले, तर डॉक्टरांना या आजाराचा संशय यायलाच हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातल्या सगळ्यांचे रक्त घेतले. आत्याचे एलडीएल व्यवस्थित होते, माझे आणि माझ्या मुलीचेही. पुतण्याचे २३६ आले. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. परभणीच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्याचे स्टॅटिन गटातले औषध सुरू झाले. त्याची भीती, त्याच्या आईची रात्र, हे सारे मी येथे लिहीत नाही. भावजय एवढेच म्हणाली, "दादा, हे सहा वर्षं आधी कळलं असतं तर?" मला उत्तर देता आले नाही.

आता कागदाकडे वळतो, कारण हे सारे एका पानावर मांडल्याशिवाय कोणाच्याही डोक्यात राहत नाही. वैद्यकात वंशावळ काढण्याची एक ठरलेली रीत आहे. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. मृत व्यक्तीवर तिरकी रेघ. आजार असेल तर आकृती भरायची. नवराबायकोला जोडणारी एक आडवी रेघ. लग्न नात्यातले असेल, तर दोन रेघा. मी ही आकृती पाठकोऱ्या कागदावर काढून आत्याला दाखवली. तिने चष्मा वर केला, नाक मुरडले आणि म्हणाली, "हे कोण बघणार? शाळेच्या भूमितीसारखं दिसतंय." मग तिने ट्रंकेतून कार्डशीट काढले. निळे चौकोन, पिवळी वर्तुळे. जे गेले त्यांच्या आकृतीला तिरकी घडी घातली. हृदयाच्या आजारासाठी लाल टिकली चिकटवली, मधुमेहासाठी हिरवी. मूळ कागद लांबलचक घेऊन पंख्यासारखी घडी घातली, की मिटल्यावर पोथी आणि उलगडल्यावर भिंतभर वंशावळ. प्रत्येक आकृतीमागे एक छोटे पाकीट चिकटवलेले असते. त्यात वय, गाव, मृत्यूचे वर्णन लिहिलेली चिठ्ठी बसते. फोटो असेल तर तोही. पुस्तकात शिकलेली ती आकृती तिच्या हातून अशी सजली, की पुतण्यानेच ती मित्रांना दाखवली.

आपण घरी करणार असाल, तर काही सूचना. फोटो आणि जुन्या पत्रिका चिकटपट्टीने चिकटवू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते. कोपरे कागदी खाचांत अडकवा, म्हणजे मूळ वस्तू शाबूत राहते. चिकटवायचेच असेल, तर मैद्याची किंवा गव्हाच्या पिठाची खळ उत्तम. कसर लागू नये म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. लहान मुले सोबत असताना ते मुळीच घालू नका, मोरचूद विष आहे. खळ थोडी करा आणि दोन दिवसांत संपवा. कात्री वृद्धांसाठी मोठ्या कड्यांची हवी. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल, तर जाड कागद कापण्याचे काम नातवंडांकडे द्या आणि घड्या आजीकडे ठेवा. उजेड डावीकडून यावा, अर्थात हात उजवा असेल तर. या छंदाने स्मृतिभ्रंश टळतो, असला दावा मी करणार नाही. पण जी आत्या दवाखान्यात 'बरी आहे' या दोन शब्दांपलीकडे बोलत नसे, ती कागद हातात असताना दोन तास बोलली, हे मी पाहिले आहे. हात गुंतले, की समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. कदाचित म्हणूनच अवघड गोष्टी सोप्या होत असाव्यात.

आपल्या जिल्ह्यात जुनी माहिती शोधणे हे एक वेगळेच काम आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या काळातली बहुतेक सरकारी कागदपत्रे उर्दूत आहेत, घरगुती हिशेब आणि पत्रे पुष्कळदा मोडीत, आणि सन फसली. कागदावर फसली १३४० दिसले, तर त्यात ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन साधारण निघतो. शके असेल तर ७८ मिळवा. गेल्या काही वर्षांत जातीच्या नोंदींच्या शोधामुळे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर ही नावे घरोघरी पोहोचली आहेत. आपण ते कागद दाखल्यासाठी काढलेच असतील, तर फेकून देऊ नका. त्यात आजोबा-पणजोबांची नावे आणि गावे आहेत. मात्र शाळेतल्या जन्मतारखेवर फार विश्वास ठेवू नका. आपल्याकडची निम्मी वडीलधारी माणसे १ जूनला जन्मलेली असतात, कारण गुरुजींना ती तारीख सोयीची होती! त्यापेक्षा 'मानमोडीच्या साथीत', 'रझाकाराच्या वेळी', 'बाहत्तरच्या दुष्काळात' हे उत्तर अधिक खरे असते. मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. त्या साथीत पंचविशीत गेलेला पणजोबा आणि चाळिशीत छातीत कळ येऊन गेलेला पणजोबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यापासून आपल्याला धोका नाही.

आणि या साऱ्या कागदांत जे मिळत नाही, ते लग्नपत्रिकेत आणि आहेराच्या वहीत मिळते. मामा कोण, मावशी कोणत्या गावची, कोणाच्या नावाआधी 'कै.' लागले. बायकांच्या बाजूचे नातेवाईक नोंदवणारी एवढी चांगली दुसरी वही आपल्या घरांत नाही.

माझी एक भाची डब्लिनला नोकरी करते. आत्याच्या घडीच्या वंशावळीचा फोटो तिला पाठवला, तेव्हा ती म्हणाली, की तिच्या तिथल्या शेजाऱ्यांचा हा आवडता छंद आहे. आयर्लंडमधून पिढ्यान्पिढ्या माणसे परदेशी गेली; त्यांची नातवंडे-पतवंडे मूळ गाव शोधत परत येतात. त्यांचे दुर्दैव असे, की ३० जून १९२२ रोजी यादवीच्या लढाईत डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार जळाले आणि शतकांच्या नोंदी राख झाल्या. १९०१ आणि १९११ची जनगणनापत्रके वाचली, त्यांवर आज सारी भिस्त. तिथे वंशावळीला आरोग्याचेही एक कारण आहे. शरीरात लोह साठत जाऊन यकृत, हृदय आणि सांधे बिघडवणारा एक आनुवंशिक आजार जगात सर्वाधिक आयरिश लोकांत आढळतो. वेळेवर कळला, तर ठरावीक काळाने रक्त काढून घेणे एवढाच मुख्य उपचार. एकाला निघाला, की भावंडांना तपासायला सांगतात. आपल्याकडे लोहाच्या कमतरतेची चिंता, तिकडे अतिरेकाची. पण भावंडांना बोलावण्याची रीत तीच.

तिच्या फोटोच्या बदल्यात तिने मला मेरी डेलनी यांच्याविषयी सांगितले. या बाई आयरिश धर्मगुरूच्या पत्नी, डब्लिनजवळ पुष्कळ वर्षे राहिलेल्या. पतीच्या निधनानंतर, १७७२ साली, वयाच्या ७२व्या वर्षी त्यांनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुले चिकटवायला सुरुवात केली. दहा वर्षांत, दृष्टी जाईपर्यंत, जवळपास एक हजार फुले झाली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मी हे आत्याला सांगितले. "बहात्तराव्या वर्षी सुरुवात?" ती म्हणाली. "तोवर काय करत होती?"

माहिती विचारताना मात्र तारतम्य हवे. 'कोणता आजार होता' असे विचारू नका. 'शेवटी काय झाले' असे विचारा आणि उत्तर आहे त्याच शब्दांत लिहून घ्या. पोटात पाणी झाले, अंग सुजले, लघवीला मुंग्या लागायच्या, खोकून खोकून वाळला. यातून अर्थ काढणे तुमच्या डॉक्टरांचे काम. काही उत्तरे ऐकताना थांबावे लागेल. आपल्या भागात 'विहिरीत पडली' या दोन शब्दांखाली काय काय झाकलेले असते, हे मी सांगायला नको. सांगणारी व्यक्ती थांबली, की आपणही थांबावे. मनाचे आजारही घराण्यात उतरू शकतात, म्हणून ती माहिती मोलाची आहे. पण ती ओढून काढायची नसते.

लग्ने मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी झालेली असतील, तर वंशावळीत त्या दोन रेघा स्पष्ट दिसू द्या. नात्यातले लग्न म्हणजे आजार नव्हे. परंतु थॅलेसेमियासारखा दोष नवराबायको दोघांतही सुप्त असेल, तर प्रत्येक गर्भारपणात पंचवीस टक्के शक्यतेने बाळाला गंभीर आजार होतो, आणि नात्यातल्या दोघांत तोच दोष असण्याची शक्यता अधिक. लग्नाआधी किंवा पहिल्या महिन्यांत एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्यावी. तसेच वडील किंवा भाऊ ५५च्या आत, आई किंवा बहीण ६५च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर स्वतःच्या तक्रारीची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. औषध मात्र शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून सुरू करू नये; विशेषतः बाळाचा विचार करणाऱ्या तरुणींनी स्टॅटिनविषयी आधी विचारलेच पाहिजे.

आणखी एक. ही वंशावळ दिवाणखान्यात टांगू नका, आणि घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. एका लाल टिकलीवरून मुलीचे ठरत आलेले लग्न मोडणारी माणसे अजून आपल्यात आहेत. आत्याने यावर स्वतःच तोड काढली. नावे आणि फोटो पुढे, आजाराच्या चिठ्ठ्या मागच्या पाकिटात, आणि आता टिकल्याही मागच्या बाजूला. पाहुण्यांना पुढची बाजू, डॉक्टरांना मागची.

पुतण्याचे एलडीएल गेल्या महिन्यात ९२ आले. तो आता आजीच्या माहेरच्या लोकांना शोधतो आहे. दोन्ही मामांच्या मुली कुठे दिल्या, त्यांच्या मुलाबाळांना यातले काही ठाऊक आहे का, हे कोणालाच माहीत नाही. १९७१च्या त्या पत्रिकेतल्या नवरीचा पत्ता जिंतूर तालुक्यातल्या एका गावात लागला आहे. ती आता सत्तरीच्या पुढे असेल. दिवाळीनंतर आम्ही दोघे जाणार आहोत. आजीच्या आईचे नाव मात्र अजून मिळालेले नाही. आत्याने त्या जागी एक पिवळे वर्तुळ कोरेच चिकटवून ठेवले आहे आणि पुतण्याला बजावले आहे, की जिंतूरहून येताना तेवढे विचारून यायचे.